सूर ऐकला, माणूस ऐकला का?

॥ श्रीराम समर्थ ॥

आजचे चिंतन : दासबोध, दशक ४, समास १ – श्रवणभक्ती

साधकहो, नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा. कीर्तन दुसरं, नामस्मरण तिसरं, आणि असं करत करत आत्मनिवेदन नववं. श्रवण पहिलं का, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं, सोपं आहे म्हणून. गळा लागत नाही, पैसा लागत नाही, देवघर लागत नाही. नुसतं बसायचं आणि ऐकायचं. पहिलीच्या वर्गात मुळाक्षरं असतात तसं काहीसं.

मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. ऐकणं सोपं असतं तर समर्थांनी त्यासाठी एक अख्खा समास खर्ची घातला नसता. हा समास उघडून बघा. त्यात काय काय ऐकावं याची एवढी मोठी यादी आहे की वाचताना दम लागतो. कर्ममार्ग, उपासनामार्ग, ज्ञानमार्ग, योगमार्ग, व्रतं, तीर्थं, दानं, अगदी चौदा विद्या आणि चौसष्ट कलासुद्धा. म्हणजे फक्त रामकथा ऐका आणि बाकी कान बंद ठेवा, असं समर्थ म्हणत नाहीत. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर ते एक अट घालतात. सगळं ऐकायचं खरं, पण त्यातलं सार शोधून घ्यायचं आणि असार ओळखून सोडून द्यायचं. या सगळ्या खटाटोपाला मिळून ते श्रवणभक्ती म्हणतात.

आता प्रश्न असा पडतो. ज्यात देवाचं नाव नाही, जी भाषा आपली नाही, ज्याचं व्याकरण आपल्याला ठाऊक नाही, ते ऐकणं या यादीत बसतं का? आणि त्याच्याही पुढचा प्रश्न. एखादी गोष्ट कानाला गोड लागली म्हणजे आपण ती ऐकली, असं म्हणता येईल का?

हा प्रश्न पोथीतून सुटा उचललेला नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची लेबर डेची सुट्टी जोडून आलेल्या शनिवारी आम्ही घरचे चौघे शिकागो जॅझ फेस्टिव्हलला गेलो होतो, तेव्हापासून तो माझ्या डोक्यात आहे. 'जॅझ आणि दासबोध?' असं काही जण म्हणतील. थोडा धीर धरा.

आम्ही नेपरव्हिलला राहतो. तिथून मेट्राच्या गाडीने युनियन स्टेशन, आणि पुढे सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी टॅक्सी. आई गिरगावच्या. शिकागोत येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याप्रमाणे त्यांनाही आधी आर्ट इन्स्टिट्यूट बघायचं होतं. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंद सर्वधर्मपरिषदेत बोलले ती हीच इमारत. बाहेरच्या मिशिगन अव्हेन्यूच्या तुकड्याला आता त्यांचं मानाचं नावही दिलेलं आहे. आईंनी चप्पल काढून पायरीला हात लावला. मग म्हणाल्या, "स्वामीजी बोलले ते आपण सगळे सांगतो गं. पण समोर बसलेल्यांनी ऐकलं, त्यांचंही कौतुक करायला हवं की नको? ना ओळख ना पाळख, भगव्या वस्त्रातला एक तरुण, आणि तरी ऐकलं." चिंतनाची सुरुवात खरं तर त्यांनीच करून दिली.

आर्ट इन्स्टिट्यूटच्या उत्तरेला रस्ता ओलांडला की मिलेनियम पार्क. तिथला आरशासारखा भलामोठा चकचकीत 'बीन' आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचा. त्याच्या पलीकडे प्रिट्झकर पॅव्हिलियन, फ्रँक गेरी यांनी घडवलेला, २००४ साली खुला झालेला. स्टीलच्या मोठमोठ्या पाकळ्या उलगडल्यासारखा रंगमंच, समोर चार हजार खुर्च्या आणि त्यामागे विस्तीर्ण हिरवळ. हिरवळीवर नळ्यांची एक जाळी मांडवासारखी पसरलेली आहे आणि तिला ध्वनिवर्धक टांगलेले आहेत. जवळच्या कर्ण्यातला आवाज किंचित उशिरा सोडतात, म्हणजे तो कर्ण्यातून न येता रंगमंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नीट ऐकू यावं म्हणून एवढी खटपट! आणि तिकीट नाही. चादर अंथरा आणि बसा. आम्ही धपाटे, दही आणि चहाचा थर्मास घेऊन बसलो.

या उत्सवाचा उगमही ऐकण्यासारखा आहे. १९७४ च्या मे महिन्यात ड्यूक एलिंग्टन गेले. त्यांच्या स्मरणार्थ शिकागोचे वादक जवळच्याच ग्रँट पार्कमध्ये जमले आणि वाजवू लागले. पुढे १९७८ मध्ये जॉन कोल्ट्रेन यांच्या स्मरणार्थही अशीच मैफल झाली, आणि १९७९ पासून जॅझ फेस्टिव्हल सुरू झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर पुण्यतिथीच्या उत्सवातून उभी राहिलेली ही परंपरा आहे. मला तरी हे परकं वाटलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आमची लेक सतरा वर्षांची. शाळेच्या जॅझ बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. कॉलेजात संगीतच शिकायचं असं तिने उन्हाळ्याच्या तोंडाशी जाहीर केलं होतं. हे म्हणाले, आधी इंजिनिअरिंग, मग छंद. दोघांपैकी वाईट कोणीच नाही. पण दोन-अडीच महिने घरात जेवताना फक्त 'भाजी वाढ' आणि 'पाणी दे' एवढंच बोलणं चाललं होतं. जॅझला सगळ्यांनी जायचं ही कल्पना आईंची. त्या म्हणाल्या, "पोरगी कशापायी हट्ट करते ते एकदा बघू तरी."

दुपारी एक चौकडी वाजवत होती. सॅक्सोफोन, पियानो, डबल बेस आणि ड्रम. सॅक्सोफोनवाल्याने जोरदार वाजवलं, टाळ्या पडल्या, आणि तो चक्क माइकपासून बाजूला झाला. घाम पुसून, हात जोडल्यासारखे पोटाशी धरून, डोळे मिटून उभा राहिला. मग बेसवाल्याची पाळी. बेसचा आवाज जात्याच खोल आणि दबका. आमच्या आजूबाजूच्या लोकांनी हीच वेळ गप्पांना आणि खाण्याला साधून घेतली. आईंनीही धपाट्याचा डबा उघडला. लेकीने हळूच त्यांचा हात धरला.

"आजी, आत्ता ऐक. बेसचा आवाज बारीक असतो ना, म्हणून बाकीचे त्याला जागा करून देतात. पियानोवाला बघ, थांबलाय. ड्रमवाल्याने काठ्या ठेवून ब्रश घेतले. आता बेसवाल्याने एक तुकडा वाजवला, तोच ड्रमवाल्याने परत दिला. ऐकलंस?"

आई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या चाळीत भजनाला पखवाजवाला असाच बुवांच्या तोंडाकडे बघायचा. बुवा श्वास कुठे घेतात ते त्याला आधी कळायचं."

आणि तेव्हा ह्यांनी, बऱ्याच दिवसांनी, लेकीला एक प्रश्न विचारला. सल्ला दिला नाही. "तो ड्रमवाला वाजवताना तुला नक्की काय ऐकू येतं?" एवढंच. पोरीने ह्यांच्याकडे बघितलं आणि ती बोलायला लागली. बारा मात्रांच्या नव्हे, बारा बारच्या ब्लूजचं चक्र कसं फिरतं, वादक त्यात कुठे आहे हे सगळ्यांना न बोलता कसं ठाऊक असतं, चार-चार बार आलटून पालटून वाजवताना समोरच्याने काय वाजवलं ते ऐकलं नाही तर आपण कसे उघडे पडतो. हे मध्ये एकदाही बोलले नाहीत. निर्णय त्या दिवशी झाला नाही. आजही पुरता झालेला नाही. पण त्या दिवसापासून तो विषय दोघांमध्ये बोलला जातो.

आता मी सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. गोड लागणं आणि ऐकणं एकच का?

हे समजून घ्यायला शिकागोसारखं दुसरं गाव नाही. विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं जाच, दारिद्र्य आणि झुंडींच्या हिंसेला कंटाळून उत्तरेकडच्या शहरांत आली. त्यातली कितीतरी इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोत उतरली. आज मिलेनियम पार्कची हिरवळ आहे, तिथे पूर्वी याच रेल्वेचं यार्ड होतं. ऑगस्ट १९२२ मध्ये न्यू ऑर्लिन्सहून एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँगही याच मार्गाने आला. गुरू किंग ऑलिव्हर यांनी त्याला बोलावून घेतलं होतं. काम काय, तर ऑलिव्हर यांच्यामागे दुसरा कॉर्नेट वाजवायचा. पुढे ज्याच्या तुतारीने जग वेडं झालं तो मुलगा आधी शेजारच्याचं ऐकून त्याला जोड देत होता. ऑलिव्हर पुढचा तुकडा आयत्या वेळी हळूच सुचवायचे, आणि हा तिथल्या तिथे त्याला जुळणारे सूर लावायचा. लोकांना वाटायचं, दोघांनी घोटून बसवलंय. घोटलं होतं ते फक्त ऐकणं.

हे झालं वादकांचं. आणि शहराचं? आर्मस्ट्राँग येण्याच्या तीनच वर्षं आधी, जुलै १९१९ मध्ये, याच मिशिगन सरोवरात यूजीन विल्यम्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा पोहता पोहता 'गोऱ्यांच्या' पाण्यात गेला. पाण्यावर काही रेघ नव्हती, ती माणसांच्या डोक्यात होती. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली. त्या काळात याच शहरात गोरे लोक रात्री कृष्णवर्णीयांचं संगीत ऐकायला हौसेने जात, पाय ठेका धरत, टाळ्या पडत. आणि सकाळी त्याच वादकाने शेजारी घर घेऊ नये म्हणून धडपडत. सूर ऐकला. माणूस नाही ऐकला.

हे वाचून 'अमेरिकेत असं असतं बाई' म्हणायचा मोह होतो. तो जरा आवरू या. आपल्या चोखोबांचे अभंग किती शतकं कीर्तनात गायले गेले! ऐकताना डोळ्यांत पाणी आलं, माना डोलल्या. आणि चोखोबांची समाधी कुठे? पंढरपूरच्या मंदिरासमोर, महाद्वाराबाहेर. त्यांच्या समाजाला आत जाता यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे सहाशे वर्षं आपण अभंग ऐकत होतो आणि त्यात तो माणूस जे सांगत होता तेवढंच नेमकं ऐकत नव्हतो. यापेक्षा मोठा दाखला मला तरी माहीत नाही.

लहानसा दाखला हवा असेल तर हिंदी सिनेमाचा घ्या. हिरवळीवर ट्रम्पेट सुरू झाला तेव्हा आई पटकन म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आपल्या 'अलबेला'सारखं!" आणि बरोबर होतं त्यांचं. १९५१ च्या त्या चित्रपटाचं संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांचं, आणि त्यात वाजले गोव्याचे चिक चॉकलेट. मुंबईच्या ताजमध्ये १९३० च्या दशकात शिकागोत नाव काढलेले टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे वादक येत, आणि धोबीतलावच्या कुडांत राहणारी गोव्याची मंडळी हे संगीत आत्मसात करत. पुढे १९७८ मध्ये मुंबईत रंगभवनाच्या उघड्या मांडवात 'जॅझ यात्रा' सुरू झाली, तिला माझे सासरे जाऊन आले होते. तर सांगायचं काय, त्या जुन्या गाण्यांतले व्हायोलिनचे, ट्रम्पेटचे तुकडे आपल्याला तोंडपाठ आहेत. पण ते लिहिणाऱ्या आणि वाजवणाऱ्या बहुतेक गोवेकरांची नावं पडद्यावर आली नाहीत, आणि आपणही कधी विचारली नाहीत.

म्हणून मला वाटतं, आस्वाद आणि श्रवण यांत फरक करायला हवा. आस्वादात मी मध्यभागी असते. मला आवडलं, मला शांत वाटलं, मला झोप छान लागली. यात पाप काहीच नाही, पण ही भक्तीही नाही. श्रवणात मध्यभागी दुसरा असतो. तो काय म्हणतोय, का म्हणतोय, आणि ते खरं असेल तर मला काय करावं लागेल, हे प्रश्न येतात. आस्वाद घेऊन माणूस जसाच्या तसा घरी जातो. श्रवणानंतर त्याला आपल्यातलं काहीतरी थोडं सरकवावं लागतं. म्हणूनच श्रवण अवघड, आणि बहुधा म्हणूनच ते पहिलं. तिथे 'मी' जरा बाजूला सरला नाही, तर नवव्या भक्तीपर्यंत, आत्मनिवेदनापर्यंत पोहोचायचं कसं? तो सॅक्सोफोनवाला माइकपासून दोन पावलं मागे सरला, ती दोन पावलं मला फार मोठी वाटतात.

इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. सगळ्यांचंच ऐकत बसलो तर जगायचं कधी? आणि ऐकलं म्हणजे मान्य करायचं का? मुलांनी म्हटलं ते सगळं योग्य? चुकीचं बोलणाऱ्याचंही ऐकायचं?

याचं उत्तर समर्थांच्या त्या अटीत आहे. ते 'असार सोडा' म्हणतात, म्हणजे निवड करायचा हक्क श्रोत्याला देतातच. श्रवण म्हणजे मान डोलावणं नव्हे. विवेक हा तर समर्थांचा लाडका शब्द. पण क्रम बघा. आधी ऐकणं, मग शोधणं, मग सोडणं. आपण काय करतो? आधीच सोडतो. 'जॅझ म्हणजे गोंगाट', 'आजकालच्या पोरांना काय कळतं', 'त्या लोकांचं ते तसंच'. जे हातात घेतलंच नाही ते टाकलं असं कसं म्हणायचं? टाकायचा अधिकारसुद्धा ऐकून मिळवावा लागतो. ह्यांनी उद्या पूर्ण विचार करून लेकीला 'नाही' म्हटलं, तर ते 'नाही' निदान तिचं ऐकून आलेलं असेल. त्या 'नाही'शी ती वाद घालू शकेल. न ऐकता दिलेल्या 'हो'पेक्षाही मला त्याची किंमत जास्त वाटते.

आणि वेळेचं म्हणाल, तर जगातलं सगळं ऐकायला कोणीच सांगत नाही. निदान जो आपल्या ताटाला ताट लावून जेवतो, त्याचं तरी ऐकावं. तेवढ्याला आयुष्य पुरतं.

ऐकतोय की नाही हे ओळखायची एक साधी खूण त्या वादकांकडून घेण्यासारखी आहे. ज्याने आपला तुकडा घरून पाठ करून आणलेला असतो, तो समोरच्याने काहीही वाजवलं तरी तेच वाजवतो. जाणत्याला ते लगेच कळतं. आपणही बोलताना हेच करतो. समोरचा बोलत असतो आणि आपण पुढचं वाक्य मनात जुळवत असतो. त्याचं बोलणं संपलं की आपलं तयार वाक्य बाहेर पडतं. आपण जे बोललो, ते समोरच्याने काहीही म्हटलं असतं तरी बोललो असतो का? याचं उत्तर 'हो' असेल, तर आपण ऐकलं नव्हतं.

ज्यात देवाचं नाव नाही ते ऐकणं श्रवणभक्तीत बसतं का, या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर आता असं आहे. देव सर्वांभूती आहे हे आपण रोज म्हणतो. ते खरं असेल तर कोणत्याही जिवाचं मनापासून ऐकणं त्याच्यापर्यंत पोहोचतंच. आणि ते खरं नसेल, तर नुसत्या नावाने भरलेलं कीर्तन ऐकूनही फारसं काही साधणार नाही.

आजचा छोटासा नेम : आज घरातल्या एका माणसाला, विशेषतः ज्याच्याशी बोलणं आखडलं आहे त्याला, एक खरा प्रश्न विचारा. ज्याचं उत्तर आपल्याला आधीपासून ठाऊक नाही असा. आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत उत्तर जुळवू नका. सार काय आणि असार काय, ते रात्री जपाला बसताना सावकाश निवडा.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥